न संपणारं औषध

"डोळा तर फार लाल नाही," मी म्हटलं. "मग एवढं काय होतंय?"

"कुणीतरी आतून सुई फिरवतंय, मॅडम."

मुलीनं ओढणी डोक्यावरून नाकापर्यंत ओढली होती. आमच्या सुरतेत स्कूटरवरच्या मुली तोंड बांधूनच फिरतात, त्यात नवल काही नाही. पण ही माझ्या तपासणीच्या खोलीत बसली होती आणि ती खोली भर दुपारीही काळोखी असते. डोळ्याचा आतला भाग बघायचा तर बाहेरचा उजेड चालत नाही. त्या काळोखातही तिला उजेड सोसत नव्हता. कॉम्प्युटरवर एक हिरवा ठिपका पेटलेला असतो. तो तिनं मला हातानं झाकायला सांगितला.

मी ऑप्टोमेट्रिस्ट. म्हणजे डोळ्यांची डॉक्टर नव्हे. नंबर काढणारी, लेन्स बसवणारी. डोळ्यांच्या एका दवाखान्यात कॉन्टॅक्ट लेन्सचा विभाग सांभाळते. लग्न होऊन नाशिकहून आले, नवऱ्याची बँकेतली नोकरी इथेच रुजली आणि मीही. मी कडक आहे असं स्टाफ म्हणतो. पेशंट काय म्हणतात ते मी ऐकून घेत नाही.

कडक व्हायला कारण आहे. माझे बरेचसे पेशंट कॉलेजातली मुलंमुली. यांना माहीत सगळं असतं. लेन्स घालून झोपू नये, नळाचं पाणी लावू नये, दुसऱ्याची लेन्स घालू नये. विचारा, घडाघडा म्हणून दाखवतील. आणि तीच मुलं हॉस्टेलवर सोल्यूशन संपलं की बाटलीतल्या पिण्याच्या पाण्यात लेन्स बुडवतात. नवरात्रात एका मुलीची करडी लेन्स गरब्याच्या चार रात्री चार डोळ्यांत फिरते. एकानं तर पडलेली लेन्स जिभेवर धुऊन परत घातली आणि मलाच कौतुकानं सांगितलं. त्यामुळे लेन्सवाला पेशंट समोर बसला की हा खोटं बोलणार, असं धरूनच मी सुरुवात करते.

या मुलीचं नाव भाग्यश्री. गोडादऱ्यात राहणारी, खानदेशी घरातली. वडील आणि भाऊ पॉवरलूमवर. ही घरातली पहिलीच एम.एस्सी. करणारी. नंबर मोठा, लहानपणापासून जाड चष्मा, म्हणून कॉलेजात आल्यावर लेन्स. घराजवळच्या कुणा डॉक्टरकडून थेंब घेऊन झाले होते. उपयोग शून्य. आई सोबत आली होती आणि दाराशी स्टुलावर बसून होती. सुमनबाई. बारीक बाई, पदर घट्ट, मांडीवर स्टीलचा डबा. पर्वत पाटियाकडे साड्यांच्या एका युनिटमध्ये त्या धागे कापायला जात.

मी माझे नेहमीचे प्रश्न सुरू केले. लेन्स घालून झोपतेस? नाही. पोहतेस? नाही. पाणी लावतेस? नाही. मैत्रिणींना देतेस? नाही.

"सगळंच कसं बरोबर गं तुझं?" मी म्हटलं.

"तुम्ही आल्या होत्या ने आमच्या डिपार्टमेंटला बोलायला. मी तेव्हापासून तसंच करते."

माझ्याच भाषणाचं सर्टिफिकेट माझ्या तोंडावर. मला राग आला. मी तिच्या हातात एक रिकामी डबी, सरावाची लेन्स आणि सोल्यूशनची बाटली दिली. सोल्यूशन म्हणजे लेन्स ज्यात रात्रभर बुडवून ठेवतात ते निर्जंतुक द्रव. म्हटलं, "सांगू नकोस. करून दाखव."

तिला डोळे उघडता येत नव्हते. मिटल्या डोळ्यांनीच तिनं हात धुतले, कोरडे केले, लेन्स तळव्यावर घेतली, चोळली, धुतली. डबीतलं जुनं द्रव ओतून टाकलं, डबी टिश्यूनं पुसली, नवं ओतलं. निम्मी डबी. बरोबर निम्मी. काळोखात तिची बोटं एकटीच काम करत होती आणि मी बघत होते. एवढं शुद्ध काम माझ्या हाताखालच्या ट्रेनीनंही कधी करून दाखवलं नव्हतं.

झाकण लावताना ती थांबली.

"मॅडम, एक सांगू? हसणार नाही ने?"

"बोल."

"रात्री मी डबी निम्मीच भरते. सकाळी ती काठोकाठ असते."

मी हसले नाही. पण विश्वासही ठेवला नाही. आमच्या धंद्यात याला टॉप-अप म्हणतात: जुनं न टाकता त्यावरच नवं ओतायचं. डबी काठोकाठ होते ती अशानं. ही टॉप-अप करते आणि कबूल करायला लाजते, असं मी मनात लिहून टाकलं. नाहीतर घरातलं कुणी हिची लेन्स चोरून घालतंय. बहीण आहे का विचारलं. नव्हती. वहिनी? नव्हती.

"आधी वाटलं, मीच जास्त ओतलं असेल," ती म्हणाली. "मग झाकणावर पेनानं खूण केली. सकाळी खूण भलतीकडे फिरलेली असायची."

"आणि तरी तीच लेन्स घालत होतीस?"

"कुणाला सांगणार? म्हणतील, हिचं डोकं फिरलंय."

दाराशी सुमनबाई डब्याच्या कडीवर बोट फिरवत होत्या.

स्लिट लॅम्प हे आमचं रोजचं यंत्र. उजेडाची एक बारीक चीर डोळ्यावर टाकायची आणि मोठं करून बघायचं. भाग्यश्रीचं डोकं तिच्या आईनं मागून धरलं, मी पापणी वर केली. ती किंचाळली. मला दोनच क्षण मिळाले, पण पुरले. बुबुळासमोर जी पारदर्शक काच असते, कॉर्निया, तिच्यात कडेकडून मधोमध सरकणाऱ्या धूसर रेघा होत्या. रोपटं उपटल्यावर मुळ्या दिसतात तशा. त्या डोळ्याच्या नसा. नसा एरवी दिसत नाहीत. त्या दिसायला लागल्या म्हणजे त्यांच्या कडेनं कुणीतरी चालत आलेलं असतं.

मी तडक सरांना बोलावलं. आमचे जरीवाला सर कॉर्नियाचे डॉक्टर. अस्सल सुरती, पोंक, लोचो असलं सुरती खाणं आणि मोतीबिंदू यांवर सारख्याच प्रेमानं बोलणारे. त्यांनी बघितलं आणि बोलणं बंद केलं.

"वैशालीबेन," शेवटी म्हणाले, "दुखावा जास्त आणि दिसायला कमी. आ मने गमतुं नथी."

मलाही ते आवडलेलं नव्हतं. सरांनी कॉर्नियाचा वरचा थर हलकेच खरवडला, काचेच्या पट्टीवर घेतला. संध्याकाळी मला लॅबमध्ये बोलावलं. मायक्रोस्कोपखाली गोल गोल भिंतींची घरं दिसत होती. प्रत्येकाला दोन भिंती.

त्याचं नाव अकँथामीबा. एका पेशीचा जीव. साध्या पाण्यात असतो, मातीत असतो, टाकीच्या तळाशी असतो. आपल्या पोटात गेला तर सहसा काही करत नाही. लेन्सला चिकटून डोळ्यात गेला तर कॉर्निया खात बसतो, आणि नसांच्या वाटेनं जातो म्हणून दुखणं दिसण्यापेक्षा कितीतरी जास्त. औषध पडलं की हा पळत नाही. स्वतःभोवती दुहेरी भिंत बांधतो आणि आत बसून राहतो. औषध थांबण्याची वाट बघतो. मी या कामात इतकी वर्षं आहे, पण त्या वाट बघण्याचं मला आजही भय वाटतं.

"पाणी," सर म्हणाले. "कुठेतरी पाणी लागलंय."

"ती म्हणते, नाही लागलं."

"बधा एम ज कहे."

सगळे असंच म्हणतात. खरंच आहे. पण त्या मुलीची बोटं मी बघितली होती.

उपचार सांगायला सोपे, करायला जीवघेणे. दर तासाला थेंब. दिवसा आणि रात्रीही. मग हळूहळू अंतर वाढवत महिनोनमहिने. सुरुवातीला तिला वॉर्डात ठेवलं. थेंब नर्स घालायच्या, कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. लेन्स आणि डबी मी जप्त केली. सुमनबाई वॉर्डाबाहेर फरशीवर बसून असत. एकदा मी जाताना उठून उभ्या राहिल्या.

"बाई, हे औषध डोळ्याच्या आत जातं ना? एकदम आत?"

"हो."

"मनी पोरले कोणी काही करेल तर नही ना?"

म्हणजे कुणी करणी वगैरे. माझं टाळकं फिरलं. "सुमनताई, तिच्या डोळ्यात जंतू गेलाय. करणी नाही. डोळा जाऊ शकतो, कळतंय का तुम्हाला? मंत्रतंत्र करत बसू नका."

त्यांनी मान हलवली. त्यांना "डोळा जाऊ शकतो" एवढंच ऐकू गेलं होतं, हे मला नंतर कळलं.

वॉर्डात भाग्यश्री सुधारली. ओढणी कपाळापर्यंत वर गेली. कॅन्टीनच्या चहाला नावं ठेवू लागली. पेशंट चहाला नावं ठेवू लागला की आम्ही घरी सोडतो. सरांनी औषध लिहून दिलं, मी बाटली हातात दिली, वडिलांना मोबाईलमध्ये अलार्म लावून दिले.

पुढच्या तपासणीला ती आली ती पुन्हा नाकापर्यंत ओढणी घेऊन. कॉर्नियाच्या मधोमध आता एक पांढुरकं वळं उमटलं होतं. या आजारात ते वळं म्हणजे रोग खोल गेल्याची खूण. नजर जाते ती तिथूनच.

"थेंब घातलेस?"

"दर तासाला."

"बाटली दाखव."

तिनं पर्समधून काढली. मी ती टेबलावरच्या दिव्यासमोर धरली. औषध गळ्यापर्यंत होतं. जी बाटली तळाला जायला हवी होती ती मी दिली तेव्हा होती तशीच भरलेली.

मी ओरडले. बाहेरच्या रांगेलाही ऐकू गेलं असेल. माझ्याशी खोटं बोलतेस, आईबापाला फसवतेस, एवढी शिकलेली पोरगी. ती ऐकून घेत राहिली. मग तिनं चाचपडत माझं मनगट धरलं.

"मॅडम, मी घालते. पप्पा बघतात. पण ते संपतच नाही."

"काय म्हणतेस?"

"औषध संपत नाही. डबीसारखंच. दुपारी मी डोळे मिटून पडते, तेव्हा कुणीतरी खोलीत येतं. झाकण उघडल्याचा आवाज येतो. मी विचारते, कोण? कुणी बोलत नाही. मग झाकण लागतं." तिनं मनगट आणखी घट्ट धरलं. "शेजारची काकी म्हणते, बाहेरचं आहे. मी सायन्सची आहे मॅडम, मला असलं काही वाटायला नको. पण वाटतं."

खोटं कशाला सांगू? त्या काळोख्या खोलीत ती भरलेली बाटली माझ्या हातात होती आणि ती मला खाली ठेवावीशी वाटली.

सर म्हणाले, परत ॲडमिट करू, बेड रिकामा झाला की. मी म्हटलं, तोवर मी तिच्या घरी जाऊन येते.

"आपणे पोलीस नथी, वैशालीबेन."

"पोलीस असते तर कुणाला तरी पाठवलं असतं."

ती बाटली मी ठेवून घेतली, नवी दिली आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या आधी गोडादऱ्याला गेले. गल्लीत शिरलं की मागांचा खडखडाट सुरू होतो. जमीन थरथरते, बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. दार लोटलेलं होतं. घरातले सगळे कामावर. आतल्या खोलीला भाग्यश्रीनं जाड चादरीचा पडदा लावला होता, खिडकीच्या फटीत कागद कोंबले होते. ती कॉटवर पडली होती. उशाशी स्टुलावर औषधाची बाटली.

"मॅडम, थोड्या वेळानं माग थांबतील," ती म्हणाली. "जेवणाची सुट्टी. ते तेव्हाच येतं. बाकी वेळ येत असेलही, पण मागांच्या आवाजात काही ऐकू येत नाही."

"मग बसू या," मी म्हटलं.

मी कोपऱ्यातल्या गाद्यांच्या घडीवर बसले. बाहेरच्या उन्हातून आलेली, त्यामुळे आधी मला काहीच दिसत नव्हतं. डोळ्याला काळोखाची सवय व्हायला बराच वेळ लागतो. हळूहळू फळी दिसली, फळीवर देवघर, देवघरात कानबाईचा नारळ. खानदेशी घरांत ही देवी असते. नारळाला नथ, कुंकू आणि डोळे. ते डोळे कॉटकडे बघत होते.

माग थांबले.

एवढ्या आवाजानंतरची शांतता कानाला दुखते. भाग्यश्रीनं श्वास रोखला. मीही. बाहेरच्या खोलीत काहीतरी हललं. पाऊल नव्हे, कपड्याची सळसळ. मग चादर बाजूला झाली, उजेडाची एक पट्टी आत आली आणि विझली.

आत आलेल्या व्यक्तीला मी दिसत नव्हते. ती उन्हातून आली होती. तिच्यासाठी खोली काळी होती. मला मात्र ती स्पष्ट दिसत होती. अनवाणी. बांगड्या कोपराकडे सरकवून पदरानं आवळलेल्या, वाजू नयेत म्हणून. ओठ हलत होते, आवाज नव्हता. फळीकडे गेली, नारळाला हात लावला, त्यामागून एक छोटा गडू काढला. न चाचपडता. रोजची वाट होती ती.

मग स्टुलाशी येऊन तिनं बाटलीचं झाकण फिरवलं. आतली थेंबाची टोपी दातांनी काढली.

"कोण?" भाग्यश्री म्हणाली.

कुणी बोललं नाही.

"कोण आहे?" तिच्या आवाजात रडू होतं.

उत्तर नाही. गडू कलला. मी उठले आणि ते मनगट पकडलं.

"सुमनताई, थांबा."

त्या दचकल्या, पण तोंडातून आवाज निघाला नाही. माझ्याकडे बघून जोरजोरात मान हलवू लागल्या. दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या मला हातानं विनवत होत्या, मला बोलायला लावू नका. मी मनगट सोडलं नाही.

"मॅडम, कोण आहे तिथे?"

"तुझी आई," मी म्हटलं.

सुमनबाई मटकन खाली बसल्या. गडूतलं पाणी फरशीवर सांडलं.

"बोलाले लाई दिधं ना माले," त्या म्हणाल्या. "आते गुण येवाव नही."

नजर उतरवताना बोलायचं नसतं. मीठ-मिरच्या ओवाळून टाकेपर्यंत तोंड मिटलेलं ठेवायचं, कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही, आणि केलं हे सांगायचंही नाही; नाहीतर लागू पडत नाही. माझी आईही असंच करायची. सुमनबाईंनी मीठ-मिरच्यांच्या जागी तापीचं पाणी घेतलं होतं. नंदुरबारकडच्या माहेरच्या घाटावरून त्या दरवर्षी कॅन भरून आणत आणि देवीजवळ ठेवत. मी म्हटलं, तापी तर इथेही आहे.

"आठे तापीमाय थकेल शे," त्या म्हणाल्या. इथं येईपर्यंत ती थकलेली असते.

पोरीनं चष्मा काढून डोळ्यात परकी वस्तू घालायला सुरुवात केली, तेव्हापासून त्यांना घोर लागला होता. चष्म्याशिवाय पोरगी सुंदर दिसू लागली. गल्लीतल्या बायका बघत राहत. नजर लागणार, आणि ती डोळ्यालाच लागणार. म्हणून पहाटे कामावर जाण्याआधी, ती झोपेत असताना, डबीत थोडं पाणी. डोळा दुखायला लागला तेव्हा थोडं जास्त. दवाखान्यात मी म्हटलं डोळा जाऊ शकतो, म्हणून मग दुपारच्या सुट्टीत घरी येऊन औषधातच.

मला बोलायचं खूप होतं. तोंडावर आलेलं सगळं मी गिळलं, कारण कॉटवर भाग्यश्री उठून बसली होती. तिला तो आवाज कुणाचा होता ते कळलं होतं. दुपारमागून दुपार तिनं अंधारात "कोण" म्हणून विचारलं होतं, आणि हाताच्या अंतरावर उभं राहून आईनं ओठ मिटून घेतले होते.

"आई," ती म्हणाली, "मी घाबरत होते ना गं."

"माले ऐकू ये," सुमनबाई म्हणाल्या. "मी कशी बोलू?"

कॅनमधलं पाणी मी बाटलीत घेऊन गेले. सरांनी पट्टी केली, बघितली आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली. दोन भिंतींची गोल घरं. तीच.

बेड मिळाला, काही दिवस गेले, पुन्हा घरी सोडायची वेळ आली. थेंब घरी कुणी घालायचे यावर आमची वादावादी झाली. बाप आणि भाऊ पाळ्यांवर, पोरीला एका डोळ्यानं बाटली दिसेना. मी म्हटलं, आई घालेल.

"जेणे बगाड्युं, एना ज हाथमां?" सर उखडले. जिनं बिघडवलं तिच्याच हातात?

"सर, त्या बाईनं इतके महिने एकही पहाट चुकवली नाही. असा पेशंटचा नातेवाईक तुम्ही कधी बघितलाय?"

मी सुमनबाईंना खुर्चीत बसवलं, हात धुवायला लावले, बाटली कशी धरायची ते दाखवलं. आणि म्हटलं, "या बाटलीत दुसऱ्या कशाचा थेंबही पडता कामा नये. पडला तर औषधाचा गुण जातो. तापीमाईचं पाणी देवीला हवं तेवढं वाहा, बाटलीत नाही. आणि एक बदल आहे."

"काय?"

"यात बोलावं लागतं. थेंब घालण्याआधी तिला हाक मारायची. तिनं ओ दिल्याशिवाय घालायचा नाही."

असा कुठलाही वैद्यकीय नियम नाही. सरांनी खिडकीबाहेर बघितलं.

नंतर भाग्यश्रीनं सांगितलं, आई युनिटवरून रजा घेऊन घरीच राहिली. तासातासाला दारातूनच हाक येई, "भाग्या, मी शे." ती "हो" म्हणे आणि थेंब पडे. पहिले काही दिवस दोघी याशिवाय एकमेकींशी काही बोलत नव्हत्या. मग हळूहळू बोलू लागल्या.

पुढच्या तपासणीला सुमनबाईंनी पदराची गाठ सोडली आणि टेबलावर बाटली ठेवली. रिकामी. मी ती दिव्यासमोर धरली, हलवून बघितली. तळाशीही काही नव्हतं. मला हुंदका आला आणि मी तो नीट लपवला असं मला वाटलं. सरांनी नंतर रुमाल पुढे केला.

डोळा वाचला. पूर्ण नाही. वळं विझलं, पण जागेवर डाग राहिला. त्या डोळ्यानं तिला माणूस दिसतो, त्याचा चेहरा दिसत नाही. पुढे कॉर्निया बदलायचा विचार आहे. तिनं एम.एस्सी. पुरं केलं. पुन्हा तोच जाड चष्मा लावते. आईला ती रागावली का, हे मी विचारलं नाही. परवा दोघी तपासणीला आल्या तेव्हा जिन्यावर सुमनबाई पुढे होत्या आणि प्रत्येक वळणावर मागे न बघता "मी शे, मी शे" म्हणत होत्या.

कॉलेजात भाषणं मी अजून देते. पाणी लावू नका, लेन्स घालून झोपू नका, उसनी देऊ नका. मुलं सुरात उत्तरं देतात. शेवटी मी एक प्रश्न वाढवला आहे: घरात तुमच्यावर सगळ्यात जास्त जीव कुणाचा?

मुलं हसतात. मी उत्तर येईपर्यंत थांबते. मग विचारते, तुमची डबी रात्री कुठे असते.